सहीविना राहिलेलं जर्नल

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही, आणि ज्या काळाबद्दल लिहितोय त्या काळात वकीलही नव्हतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिलेला कागद घरात यायचा तो तलाठ्याकडून किंवा ग्रामपंचायतीकडून, आणि आला की आई तो न उलगडता पत्र्याच्या पेटीत ठेवायची. तेव्हा लॉ कॉलेजच्या आठवणी मी लिहाव्यात हा थोडा आगाऊपणाच आहे. त्या कॉलेजबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका निघते, तिच्यात सगळं गोडच असतं. माझ्याकडे कोणी लेख मागितला नाही. मागितला असता तरी हा छापला नसता.

नावं कोणाचीच लिहीत नाही. कॉलेज पेणला की रोह्याला, तेही सांगत नाही. आमचं गाव कासू स्टेशनपासून आत आहे. एका बाजूला पेण, दुसऱ्या बाजूला रोहा. त्यातल्या एका बाजूच्या गाडीत मी तीन वर्षं बसलो, एवढं पुरे.

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला प्रॅक्टिकल ट्रेनिंग नावाचा विषय असतो. सगळे त्याला पी.टी. म्हणतात. कोर्टात जाऊन बसायचं, एक फौजदारी आणि एक दिवाणी खटला तारखेतारखेने पाहायचा, आणि जे घडलं ते जर्नलमध्ये लिहायचं. जर्नलवर विषय शिकवणाऱ्या सरांची सही लागते. सही नसेल तर तोंडी परीक्षा नाही, तोंडी नाही तर निकाल नाही, आणि निकाल नाही तर वकिलीची सनद नाही. म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण घरी बसलं. हे सविस्तर सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या एका सहीपायी घडलं.

जर्नलची आमच्याकडे एक रीत होती. ज्यांचे काका-मामा वकील होते त्यांना ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. मला सांगणारं कोणी नव्हतं. रीत अशी, की मागच्या बॅचचं जर्नल मिळवायचं आणि उतरवून काढायचं. त्यामुळे आमच्या कॉलेजात वर्षानुवर्षं एकच फौजदारी खटला चालू होता, शेतावरच्या विहिरीचा पंप चोरल्याचा. आरोपी तोच, फिर्यादी तोच, उलटतपासणीत पंच अडखळतो तेही त्याच प्रश्नाला. फक्त तारखा बदलायच्या. एकाने तारीख बदलताना रविवार टाकला होता. तोही पास झाला.

मी खरंच कोर्टात जायला लागलो. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरच्या हवालदाराने मला विचारलं, "तुझी तारीख आज हाय काय?" मी शिकायला आलोय म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि सरकून जागा दिली.

फौजदारीतला एक मारामारीचा खटला मी पाहिला, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. दिवाणीतला दावा खाडीकडच्या गावातल्या एका विधवा बाईंचा होता. त्यांच्या शेताकडे जाणारी वाट दिराने बांध घालून बंद केली होती. दर तारखेला त्या पहाटेच्या एसटीने यायच्या, कोर्टाच्या ओट्यावर बसून डब्यातली भाकरी खायच्या, आणि पांढरा शर्ट बघून मलाच विचारायच्या, "आज व्हईल काय रं?" मी म्हणायचो, मला काय माहीत. त्यांना वाटायचं मी सांगत नाहीये.

दिराचे वकील आमचे सर होते. पी.टी. शिकवणारे तेच, पुराव्याचा कायदा शिकवणारेही तेच. सर फार चांगले शिकवायचे, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. कोर्टात वकिली आणि कॉलेजात तास, दोन्ही ते करायचे, आणि कॉलेज कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर होतं.

त्या दिवशी बाईंची उलटतपासणी होती. पुकारा झाला तेव्हा सरांच्या ज्युनियरने उभं राहून मुदतीचा अर्ज दिला. कारण, वकीलसाहेबांची प्रकृती बरी नाही. पुढची तारीख पडली. बाईंना ते कळायला थोडा वेळ लागला. त्या साक्षीच्या पिंजऱ्याकडे निघाल्या होत्या, शिपायाने हाताने मागे फिरवलं.

मी तिथून धावत कॉलेजात आलो. साडेबाराचा तास सुरू झाला होता. वर्गात सर उभे होते, पी.टी.मधली व्यावसायिक नीतिमत्ता शिकवत. वकिलाची न्यायालयाशी असलेली कर्तव्यं. मला दारात बघून म्हणाले, कुठून उगवलात? मी म्हटलं, कोर्टातून, सर. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

जर्नलच्या प्रत्येक पानावर शेवटी 'विद्यार्थ्याचे निरीक्षण' अशी चौकट असते. बाकीचे तिथे 'कामकाज शिस्तीत चालले' असं लिहायचे. मी लिहिलं, की प्रतिवादीच्या वकिलांच्या प्रकृतीचे कारण देऊन मुदत मागण्यात आली. सदर वकील त्याच दिवशी साडेबारा वाजता महाविद्यालयात तास घेत होते. त्यावरून अर्जातील कारण खरे नव्हते असे दिसते.

यात मला काही वावगं वाटलं नाही. निरीक्षण मागितलं होतं, मी दिलं. पण एवढंच सांगून थांबलो तर तेही अर्धवट होईल. ते तिसरं वाक्य लिहिताना मला आपण कोणीतरी झाल्यासारखं वाटलं होतं. मी ते घरी दोनदा मोठ्याने वाचलं.

सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. समोर माझं जर्नल उघडं होतं.

"तू माझा विद्यार्थी आहेस की समोरच्या पार्टीचा साक्षीदार?"

उत्तराची वाट न बघता ते पुढे म्हणाले,

"मला त्या दिवशी ताप होता. कोर्टात दोन तास उभं राहणं झालं नसतं. तरी येऊन तास घेतला, तुमचा पोर्शन राहू नये म्हणून. हे पान फाड आणि नवीन लिहून आण."

मी घरी आलो. सर म्हणतात ते खरं असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली. पण जर्नलच्या पानांना छापील नंबर असतात. पान फाडलं तर नंबर तुटतो, आणि तुटलेला नंबर म्हणजे काहीतरी लपवलंय, हे पुराव्याच्या तासाला सरांनीच शिकवलं होतं. मग मला वाटलं, सरांची बाजूही लिहिली पाहिजे. मी त्याच चौकटीत खाली जोडलं, 'सरांच्या म्हणण्यानुसार त्या दिवशी त्यांना ताप होता, तरी ते शिकवण्यासाठी आले.' आणि मोठ्या समाधानाने ते पान त्यांच्यापुढे ठेवलं.

मी त्यांची थट्टा करत नव्हतो. आजही कोणाला हे पटत नाही. सरांनी ती ओळ वाचली, जर्नल मिटलं आणि माझ्याकडे ढकललं. एवढंच म्हणाले, की जोवर हे पान आहे तोवर सही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं, की या वर्षी जर्नल नीट होणार. प्रत्येकाने स्वतः कोर्टात बसायचं, हजेरीवर कोर्टाच्या कारकुनाची सही आणायची, पंपाची केस आढळली तर जर्नल परत. "तुमच्या मित्राची तशी इच्छा आहे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

त्या दिवसापासून कॉलेजात माझं नाव पंचनामा पडलं. कँटीनमध्ये गेलो की कोणी तरी म्हणायचं, "सांडू नका रे चहा, पंचनामा आला." वर्गाच्या मोबाईल ग्रुपमधून मला काढलं. त्यामुळे तास रद्द झाल्याचं मला कळायचं नाही. मी कासूहून यायचो, रिकाम्या वर्गात बसायचो आणि परत जायचो. कोणी सांगायला विसरत नव्हतं. सांगायचं नाही असं ठरलं होतं.

त्यांचा राग मला समजतो, म्हणून जास्त टोचतो. माझ्या पुढच्या बाकावर नागोठण्याची एक मुलगी बसायची. मुलगी म्हणतो, पण तिचं लग्न झालेलं, पदरात लहान मूल, आणि सकाळी एका शाळेत नोकरी. तिने पंपाची केस आधीच सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवली होती. आता तिला रजा टाकून कोर्टात बसावं लागलं, आणि मूल सासूकडे ठेवलं म्हणून घरी बोलणी. एक दिवस जिन्यात थांबवून तिने मला विचारलं, "तुला सनद पायजे का सत्कार?"

मी म्हटलं, मी मुद्दाम नाही केलं.

"तेच तर. मुद्दाम केलं असतंस तर समजलं असतं."

त्याच महिन्यात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. पंपाच्या केसची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. स्टेजवरून एक नामांकित फौजदारी वकील म्हणाले, की आमच्या वेळी चोरीला गेलेला पंप अजून सापडलेला नाही असं ऐकतो, आणि आता तर तपासच बंद झाला. सभागृह हसत होतं. बरेच जण मागे वळून मला शोधत होते. मीही हसलो. का हसलो ते माहीत नाही.

पुढे मी त्याच वकिलांच्या ऑफिसात गेलो, निकालानंतर ज्युनियर म्हणून घ्याल का विचारायला. त्यांनी मला चहा दिला. वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "पोरगा चांगला आहेस तू. माझ्याकडे फायलींची चार कपाटं आहेत. तू ती सगळी वाचशील. म्हणून नको." आणखी दोन ऑफिसांत गेलो. एका ठिकाणी दारातच विचारलं, तूच का तो. दुसऱ्या ठिकाणी साहेब आत असून नाहीत म्हणून सांगितलं. मी ते कुठे लिहिलं नाही.

प्राचार्य मॅडमना मी अर्ज केला. त्यांनी तो वाचला आणि सही हा संबंधित शिक्षकांचा अधिकार आहे असं सांगितलं. तोंडीच्या दिवशी मी जर्नल घेऊन रांगेत उभा राहिलो. कारकुनाने शेवटचं पान पाहिलं, सहीची जागा रिकामी पाहिली आणि मला बाजूला काढलं. गुणपत्रिकेत त्या विषयापुढे गैरहजर असं आलं. मी दिवसभर दारात उभा होतो आणि कागदावर गैरहजर होतो.

घरी सांगितलं तेव्हा आईला एवढंच कळलं की पास झालो नाही. ती म्हणाली, "आभ्यास तर करीत व्हतास रं." भावाला सगळं सांगावं लागलं. तो धाटावला एका केमिकल कंपनीत आहे, शिफ्टवर. तो आधी ऐकत राहिला आणि मग चिडला.

"एक पान हाय. फाड नि टाक. आमच्याकडं पण लॉगबुक हाय. मागच्या शिफ्टचं बघून पुढची शिफ्ट लिवते. अजून काय उडालं नाय."

"आणि उडालं तर?"

"तर तू ये, लिव," तो म्हणाला, आणि जेवणावरून उठून गेला. त्यानंतर पंधरा दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही.

पुढची परीक्षा होईपर्यंत मीही धाटावला लागलो, ठेकेदाराकडे, ड्रम भरण्याच्या कामावर. तिथे मला कोणी पंचनामा म्हणत नव्हतं. वकील म्हणायचे, ते त्याहून वाईट. मास्क उतरला की कोणी तरी विचारायचं, "काय वकीलसाहेब, आमची पण एक केस हाय," आणि बाकीचे हसायचे. कॉलेजातल्या लोकांचा मला इतका राग येत होता की ड्रमची झाकणं आवळताना मी एकेकाला आठवायचो. सरांना सगळ्यात जास्त. त्यांना खरंच ताप होता का, हे मी मनात इतक्या वेळा उलटतपासलं, की शेवटी माझ्याजवळ उरलं ते फक्त एवढंच, की मला ते माहीत नाही.

तिथून मला मार्ग दिसला. सरांनीच शिकवलं होतं, की कागदपत्रात खाडाखोड करायची वेळ आली तर शाई फासायची नाही, कागद चिकटवायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. मी जर्नल काढलं. बाई आल्या, तारीख पडली, अर्जात प्रकृतीचं कारण होतं, सर साडेबाराला तास घेत होते, हे सगळं मी पाहिलं होतं. ते तसंच ठेवलं. 'कारण खरे नव्हते असे दिसते' हे मी पाहिलेलं नव्हतं. त्यावर पट्टीने एक रेघ मारली आणि बाजूला सही केली.

सरांना नेऊन दिलं. त्यांनी पान उघडून बराच वेळ बघितलं.

"हे काय आहे?"

"खोडलंय, सर. तुम्ही शिकवलंत तसं."

"मी फाडायला सांगितलं होतं."

"हो सर."

त्यांनी पान मिटलं. जर्नल टेबलावर ठेवून जा म्हणाले. सही केली का, करणार का, विचारायची माझी हिंमत झाली नाही. कारकुनाने तोंडीच्या यादीत माझं नाव आहे, म्हणजे सही झाली, असं सांगितलं, त्यावर मी तोंडीला गेलो.

परीक्षेच्या खोलीत बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या, शेजारी सर. बाई कडक वाटल्या. त्यांच्या पुढ्यात माझं जर्नल होतं. त्यांनी नेमकं ते पान उघडलं, कारण सगळ्या जर्नलमध्ये रेघ मारलेलं पान तेवढं एकच होतं. त्यांनी ती चौकट पूर्ण वाचली, रेघेखालचं वाचलं, तापाची ओळ वाचली. मग चष्मा काढला.

"हे वकील कोण?"

मी खाली बघत होतो. मला नाव घेता येईना. 

"मी," सर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे मान वळवली. "ताप होता?"

"होता."

"आणि तुला काय वाटतं?" हे मला.

मी म्हटलं, "मला माहीत नाही, मॅडम. म्हणून ते खोडलं."

"आणि वरचं का नाही खोडलं?"

"ते माहीत आहे."

बाईंनी कागदावर काही तरी लिहिलं. सरांनी खिडकीकडे बघत मला जायला सांगितलं. आवाज नेहमीचाच होता, वर्गात एखाद्याला बाहेर काढताना असायचा तसा. बाहेर आलो तेव्हा रांगेतल्या पोरांनी काय विचारलं म्हणून गराडा घातला. मी सांगितलं, आणि ते सगळे एक पाऊल मागे सरकले. सरांच्या तोंडावर असं झालं म्हणजे मी संपलो, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती.

निकाल लांबला. मी परत ड्रम भरायला लागलो. सर वाटेत एकदा दिसले, स्टेशनजवळ, मोटारसायकलवर. मी नमस्कार केला. त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं करून गेले.

कंपनीत मोबाईल आत नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. एक दिवस पहिली शिफ्ट सुटल्यावर मोबाईल हातात घेतला तर नागोठण्याच्या त्या मुलीचे सात मिस्ड कॉल होते. तिचा नंबर माझ्याकडे होता, पण तिने मला कधी फोन केला नव्हता. गेटसमोरच्या बसथांब्यावर उभं राहून मी फोन लावला. ती स्वतःच्या दाखल्यासाठी कॉलेजात गेली होती आणि नोटीस बोर्डासमोर उभी होती. हॅलो वगैरे काही म्हणाली नाही.

"कुठं मेला होतास सकाळपासून? ऐक. पास झालास. सरांनी पी.टी.ला पासापुरते दिलेत, वर एक पण नाय. पूर्ण यादीत सगळ्यात कमी तुझे."

मी तिला परत वाचायला सांगितलं. तिने माझा सीट नंबर वाचला, मार्क वाचले, पुढचा शेरा वाचला.

"उत्तीर्ण लिवलंय," ती म्हणाली. "आता यावर अर्ज करू नकोस."